खिळे ठोकलेली खिडकी

कोल्हापुरात खिडकीसाठी मिस्त्रीला बोलावणं येतं, तेव्हा त्या घरात आधी एक भांडण होऊन गेलेलं असतं. एकाला खिडकी दुरुस्त करायची असते, दुसऱ्याला बदलायची असते. मी पायरीवर चपला काढतो न काढतो तोच दोघं एकदम बोलायला लागतात. चहा येईपर्यंत मी सुतार राहत नाही, पंच होतो. निकाल कुठलाही दिला तरी घरातलं एक माणूस माझ्यावर आठवडाभर रुसतं.

मी बशीर मिस्त्री. मूळचा मुरगूडचा. आमचे अब्बा बैलगाड्या करायचे. गाड्या कमी झाल्या तसे ते कोल्हापुरात आले आणि दारं-खिडक्या करायला लागले. मीही त्यांच्यामागून तेच केलं. आता गुडघे वाजतात, म्हणून ओळखीच्या घरची कामं तेवढी घेतो. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "आधी आपल्या मोरीची खिडकी करणार का लिहीत बसणार?" त्या खिडकीचं एक झडप बरीच वर्षं सुतळीनं बांधलेलं आहे. मी लिहायला बसलो.

धंद्यातली गोष्ट सांगायची तर खिडकीचा निकाल लावायला फार अक्कल लागत नाही. लोक बघतात ते रंगाकडं. रंग उडाला की म्हणतात, खिडकी गेली. रंगाचा आणि लाकडाचा तेवढाच संबंध, जेवढा माणसाच्या सदऱ्याचा आणि तब्येतीचा. मी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टोच्या, म्हणजे टोकदार सळई, घालून बघतो, कारण पाणी तिथंच येऊन बसतं. टोच्या अडला तर लाकूड जिवंत आहे, भाकरीत घुसावा तसा घुसला तर मेलं. मग झडप हलवून सांधा बघायचा, बिजागरी बघायची. पावसाळ्यात खिडकी लागत नाही म्हणून कुणी रडत असेल, तर त्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगायचं. फुगलेलं लाकूड आपोआप जाग्यावर येतं. चंदगडकडची माणसं यात शहाणी. तिथं पाऊसच एवढा, की ती एक झडप जूनला उघडतात आणि दिवाळीला लावतात, मध्ये त्याच्या नादाला लागत नाहीत. शहरातली माणसं मात्र भर पावसात रंधा मारून घेतात, आणि मग उन्हाळ्यात फटीतून शेजारी दिसतो म्हणून पुन्हा मलाच बोलावतात.

हे सगळं मला येत होतं. तरी आबांच्या घरी मात्र मी पहिल्या दिवशी निकाल न देता परत आलो.

आबा म्हणजे शुक्रवार पेठेतले माझे जुने गिऱ्हाईक. एसटीत ड्रायव्हर होते, गडहिंग्लजच्या गाडीवर बरीच वर्षं काढून रिटायर झालेले. घर साधं, बैठं, कौलारू, पण खिडक्या सागवानी. बोलावणं आबांचं नव्हतं, सुमनवहिनींचं होतं. मी गेलो तेव्हा वहिनी चुलीपुढं तापावं तशा तापल्या होत्या.

"मिस्त्री, सगळ्या खिडक्या काढायच्या," त्या म्हणाल्या. "स्लायडिंग बसवायच्या. ह्या पुसून पुसून माझं मनगाट गेलं."

आबा खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपरामागूनच म्हणाले, "स्लायडिंगचं नाव काढायचं न्हाय. उभा जन्म मी एसटीच्या सरकत्या काचा बघितल्यात. पाऊस आला की लागत न्हाईत आन् ऊन पडलं की उघडत न्हाईत. त्या काचंवरनं पाशिंजर माझ्याशी भांडलेत. आता घरात बायकोशी भांडू व्हय?"

"आता काय करताय मग?" वहिनी म्हणाल्या.

मी टोच्या काढला आणि कामाला लागलो. पुढच्या खोलीच्या खिडक्या ठणठणीत होत्या. स्वयंपाकघरातली पावसाच्या तोंडाला होती, तिचं खालचं लाकूड गेलं होतं. बाकी बिजागऱ्या, कड्या, एखादा ढिला सांधा. मी एकेक सांगत गेलो, तसा आबांचा पेपर खाली आला आणि चेहरा उजळला. मग मी मागच्या खोलीकडं वळलो, तर आबा दारात येऊन आडवे उभे राहिले.

"ती बघायची न्हाय. ती चांगली हाय."

"बघितल्याशिवाय कसं कळंल, आबा?"

"मी सांगतोय न्हवं. नंबर एक खिडकी हाय."

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. भर दुपारी खोलीत अंधार होता. खिडकीची झडपं बंद होती आणि त्यांवर वरपासून खालपर्यंत बोटाएवढे लांब खिळे ठोकलेले होते. खिळ्यांवरून रंगही मारलेला होता. असलं काम सुतार करत नाही. ते रागावलेल्या माणसाचंच असतं.

चहा घेऊन निघालो, तशा वहिनी मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस्त्री, मला त्या स्लायडिंगचं काय कौतुक न्हाय. सगळ्या खिडक्या बदलायच्या म्हटल्या, की त्या मागच्या खिडकीचे खिळे निघणारच की. नुसती ती उघडा म्हटलं तर ते माझं ऐकायचे न्हाईत."

मग त्यांनी खिळ्यांची गोष्ट सांगितली. मागच्या खोलीला लागून एक बोळ आहे आणि बोळाच्या पलीकडं आबांच्या धाकट्या भावाचं, तात्यांचं घर. बोळात जायची वाट तात्यांच्याच घरातून. खिडकीची झडपं बोळात, बाहेरच्या बाजूला उघडायची. एका सकाळी तात्या बादली घेऊन न्हाणीकडं चालले होते, आणि आबांनी आतून झडप ढकललं. ते तात्यांच्या कपाळावर बसलं. तात्या म्हणाले, बघून उघडायला काय होतंय. आबा म्हणाले, बघून चालायला काय होतंय. तिथून बोलणं वाढत गेलं. लहानपणी कुणी कुणाचा भोवरा फोडला इथपर्यंत ते मागं गेलं. शेवटी तात्या म्हणाले, एवढी खिडकीची मिजास असली तर ठोकून टाक. आबांनी दुपारी हातोडा आणला आणि ठोकून टाकली. तेव्हापासून इतकी वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

"तुम्ही आन् मालनवहिनी?" मी विचारलं. मालन म्हणजे तात्यांच्या बायको.

"आमी बोलतोय की. पण त्या खिडकीतनं आमचं निम्मं घर चालत होतं. कोथिंबीर त्येंची, दही आमचं. आता एक वाटी द्यायची तर पदराखाली झाकून गल्लीला वळसा घालून जायाचं. म्हातारपणी चोरी केल्यागत वाटतंय."

मी घरी आलो. लाकडाचा निकाल माझ्या हातात होता, पण त्या खिडकीत लाकडाचा प्रश्नच नव्हता. आठ-पंधरा दिवस मी काही कळवलं नाही. वहिनी मात्र माझ्या निकालासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी परस्पर एका स्लायडिंगवाल्याला मापं घ्यायला बोलावलं.

त्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून वहिनी. "मिस्त्री, असाल तसं या. ह्यांनी मागच्या खोलीत कोंडून घेतलंय."

मी गेलो तर स्लायडिंगवाला हातात टेप घेऊन अंगणात अवघडून उभा. तो दारात आल्याबरोबर आबा उठले होते, मागच्या खोलीत गेले होते आणि दार लावून आतून अडसर घातला होता. अडसर म्हणजे दाराच्या मागं आडवा सरकवायचा जाड लाकडी दांडा, दोन्ही टोकं भिंतीत. जुन्या दारांना कडीपेक्षा त्याचा भरवसा जास्त. आत जाताना आबा म्हणाले होते, "हितली मापं घ्यायची तर आधी माझं माप घ्या."

वहिनींनी सुरुवातीला लक्ष दिलं नाही. रुसले तर रुसू दे, भूक लागली की येतील बाहेर. आबांना भूक लागलीही. पण भर पावसाळ्याचे दिवस. कित्येक वर्षं न वापरलेला अडसर त्यांनी रागात जोर लावून सारला होता, तो ओल्या भिंतीत जो जाऊन बसला तो परत सरकेना.

"आबा, दोन्ही हातांनी वर उचला आन् मग ओढा," मी दाराबाहेरून सांगितलं.

"उचलतोय की. येत न्हाय."

"जरा दम घ्या, मग परत करा."

आतून थोडा वेळ धडपड ऐकू आली. मग आबा म्हणाले, "बशीर, हातात जोर न्हाय राहिला. घाम आलाय लई."

आबांचा आवाज म्हणजे पेठेतून स्टँडवर ऐकू जाईल असा. तो एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. वहिनींकडं बघितलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. "साखरंची गोळी घेतलीया त्यांनी सकाळी," त्या म्हणाल्या. "पोटात काय न्हाय. नाष्ट्याच्या आधीच आत गेले."

मला साखरेचा आजार माहीत आहे, आमच्या घरातही आहे. गोळी पोटात आणि जेवण नाही, म्हणजे माणूस बसल्या जागी कोसळतो. मी दाराला खांदा लावून बघितला. दोन इंच जाडीची सागवानी फळी, मागं अडसर. ते दार तोडायला वेळ लागला असता, आणि तुटून आबांच्याच अंगावर गेलं असतं. गल्लीतला डॉक्टर येऊनही दाराबाहेरच उभा राहिला असता. खोलीला दुसरी वाट एकच होती, आणि ती तात्यांच्या बोळात निघत होती.

मी पिशवी उचलली आणि गल्लीला वळसा घालून तात्यांकडं गेलो. तात्यांची घरातच पुढं पिठाची गिरणी. गिरणी चालू होती आणि तात्या भुवयांपासून पायापर्यंत पांढरे झाले होते. गिरणीमुळं त्यांना कायम ओरडून बोलायची सवय.

"तात्या, आबा मागच्या खोलीत अडकलेत," मी म्हणालो.

"अडकलेत का बसलेत?"

"सकाळी बसलेते. आता अडकलेत. गोळी घेतलीया, पोटात अन्न न्हाय, आन् दार उघडंना."

तात्यांनी गिरणीचा पट्टा फिरत असतानाच खटका ओढला, ज्वारीचा डबा तसाच टाकला आणि मला घेऊन स्वयंपाकघरातून बोळात आले. मालनवहिनी काय झालं काय झालं करत मागून आल्या. तात्यांनी त्या बंद झडपांवर पिठाच्या हातानं थाप मारली.

"आबा."

त्यांनी पुन्हा मारली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी."

"मी म्हंजे कोन?"

"तुझ्या झडपानं ज्याचं टाळकं फुटलं त्यो."

मग आबा म्हणाले, "फुटलं न्हवतं. टेंगूळ आलतं."

"टेंगूळ तर टेंगूळ. खिडकीपासनं लांब हो. बशीर खिडकी काढतोय."

"झडप मोडू नगा. सागवान हाय," आबा म्हणाले. आवाज लटपटत होता, तरी सागवान सोडवत नव्हतं.

मी पटाशी झडपाच्या खालच्या फटीत घातली आणि हातोड्याचा एक ठोका दिला. खिळे उपटायला चांगलाच झगडा करावा लागणार असं मला वाटत होतं. पण पटाशी सरळ आत गेली. चौकटीचं खालचं आडवं लाकूड वरून रंगानं चकचकीत आणि आतून पोकळ होतं. वाळवीनं ते खाऊन नुसता रंगाचा पापुद्रा शिल्लक ठेवला होता. खिडकी रोज उघडली-लावली, तर वाळवीला निवांत घर मिळत नाही. ही तर इतकी वर्षं बंद, अंधारी, कुणी हात न लावलेली. मी पहार लावून झडप ओढलं, तसे खालचे खिळे लाकडाच्या भुशासकट बाहेर आले. वरचे दोन-चार मात्र करकरले, पण निघाले. आबांची नंबर एकची खिडकी उघडली.

आबा आत ट्रंकेवर बसले होते. बनियन घामानं चिकटलेलं, हात थरथरत होते. उजेड डोळ्यांवर आला म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. गजांच्या अलीकडं पिठानं माखलेले तात्या.

"काय रं, भूत झालायस काय?" आबा म्हणाले.

"गूळ," तात्या मागं बघून ओरडले. मालनवहिनी गुळाचा खडा घेऊन तयारच होत्या. तात्यांनी गजांतून हात घातला. आबांनी तो घ्यायला हात पुढं केला, पण बोटांत धरता येईना, खडा ट्रंकेवर पडला. मग तात्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला, दुसरा खडा सरळ आबांच्या तोंडात दिला. "चाव. बोलू नगंस." आबांनी चावला. तात्यांनी आणखी एक दिला. पीठ आणि गूळ मिळून आबांच्या मिशीला लागलं. दार धरून उभ्या असलेल्या सुमनवहिनी तिकडून विचारत होत्या, "खाल्लं का? खाल्लं का त्यांनी?" आणि तात्या इकडून सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "खातोय. लहान पोरागत खातोय."

हळूहळू आबांच्या चेहऱ्यावर रंग आला. अडसर ठोकत बसण्यापेक्षा ही वाट बरी, म्हणून मी गजांकडं वळलो. त्यांची खालची टोकं त्या पोकळ लाकडात नुसती टेकलेली होती. एकेक गज हलवून वरच्या भोकातून खाली ओढला, तर हातात आला. तात्या बघत होते. "आबा, चोराला कळलं असतं तर तुझी ट्रंक कधीच गेली असती," ते म्हणाले. आबा गूळ चावत होते म्हणून गप्प बसले.

मग आबा बाहेर आले. ट्रंकेवर चढून, पाठ आमच्याकडं करून, एसटीच्या केबिनमधून उतरतात तसे उलटे. अर्ध्यात पोट अडलं. मी एका बाजूनं आणि तात्यांनी दुसऱ्या बाजूनं धरलं. बोळात पाय टेकल्यावर त्यांना आपण कुठं उतरलो ते कळलं असावं, कारण ते तिथंच भिंत धरून उभे राहिले. घरी जायचं तर वाट तात्यांच्या स्वयंपाकघरातूनच होती.

मालनवहिनींनी पदर सारखा केला. "भावजी, ताट वाढलंय," त्या म्हणाल्या.

आबा आत गेले आणि पाटावर बसले. सुमनवहिनी तोवर गल्लीतून धावत आल्या होत्या. त्यांनी आबांना जेवताना बघितलं आणि उंबऱ्यावरच बसून घेतलं. रडल्या नाहीत. नुसतं एवढंच म्हणाल्या, "जेवा सावकाश. मग मी बोलते."

त्यांनी काय बोलून घेतलं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी आबांचाच फोन आला, "बशीर, ये बाबा. तुझा टोच्या घेऊन ये आन् खरं काय ते सांग."

मी आधी खिडकीतून आत उतरून तो अडसर ठोकून काढला आणि मग निकाल दिला. पुढच्या खिडक्या दुरुस्त करायच्या, त्या आपल्या नातवंडांना पुरतील. स्वयंपाकघरातली काढून तिथं वहिनींच्या मनाप्रमाणं स्लायडिंग बसवायची. त्या बिचाऱ्या मापवाल्याची फेरी तरी सार्थकी लागेल. राहिली मागची. झडपं आणि बाकीची चौकट अजून पक्की होती. जुनं सागवान वाळवीला सहजासहजी गोड लागत नाही, पण खालचं लाकूड सागवानी नव्हतंच. बांधताना कुणीतरी तिथं दुसरंच चढवलं होतं.

"खालचं लाकूड नवीन घालू," मी म्हणालो, "आन् चौकट उलटी बसवू. आत्ता झडपं बोळात उघडतात, ती खोलीत उघडतील. बोळ अरुंद हाय, वर दोन्हीकडच्या कौलांची वळचण, पावसाचं पाणी आत यायचं न्हाय."

आबांनी पेपर खाली ठेवला. "हे इतकं सोपं हुतं?"

"व्हय."

"मग तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तवा मला कोन बोलावलंतं? तुमी हातोडा घेतला."

यावर आबांनी पेपर वर धरला.

ते काम करताना मला फार दिवसांनी बरं वाटलं. हल्ली असं काम मिळत नाही. लोक जुनी सागवानी चौकट टेम्पोत टाकून भंगारवाल्याला देतात, आणि मग ती मला कुठल्यातरी हॉटेलात, भिंतीवर शोभेला लावलेली दिसते. मागं गडहिंग्लजच्या एका बाईंनी शहाणपणा केला. इथल्या फ्लॅटच्या काढलेल्या खिडक्या त्यांनी गावी नेऊन गोठ्याला बसवून घेतल्या. त्यांच्या म्हशी माझ्यापेक्षा चांगल्या खिडकीतून बाहेर बघतात. माझा मुलगा मॉड्यूलर किचन करतो, चांगलं करतो. पण त्यात लाकडाचा वास येत नाही, आणि टोच्या घालून बघावं असं काही नसतं.

चौकट उलटी करून भिंतीत बसवली त्या दिवशी दोन्ही घरं खिडकीपाशी जमली होती. आबा आणि वहिनी आत, तात्या आणि मालनवहिनी बोळात. गज तेवढे बसवायचे राहिले होते. नव्या लाकडाला भोकं पाडायच्या आधी मी विचारलं, "गजांत अंतर किती ठेवू? पहिल्याएवढंच?"

सुमनवहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि रश्श्याची एक वाटी घेऊन आल्या. काठोकाठ भरलेली. "ही सरळ जाईल एवढं," त्या म्हणाल्या.

"तेवढ्यातनं चोराचा हात येतोय," आबा म्हणाले.

"चोराला माझ्या स्वयंपाकघरातनं यायला लागंल," तात्या बोळातून ओरडले.

आबांनी वाटीच्या काठाला बोटं लावून बघितली. मग मला म्हणाले, "ठेव वाटीएवढं."

मी एक गज कमी केला आणि बाकीचे सरकवून बसवले. वहिनींनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि गजांतून पलीकडं दिली. एक थेंब सांडला नाही. तात्यांनी उभ्या उभ्याच एक घोट घेतला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

वहिनींनी वाटी परत घेतली, चिमूटभर मीठ आणून टाकलं, बोटानं ढवळलं आणि पुन्हा पलीकडं दिली.